प्लंजर सांगलीत, इंजिन विहिरीवर

मी इंजिन मिस्त्री. नाव बाबालाल, राहणार सांगली. माझ्या धंद्यात 'उगाच' असं काही नसतं. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं – हवा, तेल, नाहीतर कचरा. आई दर्ग्यातून धागा आणायची, तो मी सायकलच्या हँडलला बांधायचो, पण तिचं मन राहावं म्हणून, इतकंच. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसलेलो आहे. त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण झालं ते झालं... आणि त्यात एक माणूस जगला.

महायुद्ध संपलं त्याच्या पुढचा उन्हाळा. सांगलीपासून सात मैलांवर, तासगाव रस्त्याच्या आत एक गाव आहे. तिथला शिवराम पलटणीतून घरी आला होता आणि उसासाठी विहीर खोल करायला घेतली होती. सुरुंगाने तळाला चांगला झरा फुटला होता. पाणी उपसायला काठावर ऑईल इंजिन आणि आत टप्प्यावर पंप. आठवडाभर इंजिन मधूनच ठोका चुकवत होतं, म्हणून शिवरामने मला निरोप धाडला – आज दिवसभर तळ साफ करायचाय, तुमी इंजिनाजवळ थांबा.

सकाळी गेलो. फिल्टर उघडून पाहिला तर नुसता गाळ. त्या दिवसांत तेल रेशनचं, त्यात काय काय मिसळलेलं असायचं. फिल्टर साफ करायचा तर तासभर इंजिन बंद ठेवावं लागणार, आणि माणसं खाली उतरून तयार. मी म्हटलं, "चालंल. दुपारी भाकरीला थांबशीला तवा बघू."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

दहाच्या सुमाराला खालून ओरडा झाला. सुरुंगाने सैल झालेली एक शिळा बाजूने घसरली आणि शिवरामचा उजवा पाय तिच्याखाली अडकला. पाय तुटला नव्हता, पण निघतही नव्हता. पाणी गुडघ्याएवढं होतं. चौघे पहारी घेऊन भिडले... आणि पाचेक मिनिटांत इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

मी इंजिनाच्या तेलपंपाला हात घातला. त्यात बोटाएवढी गुळगुळीत पोलादी दांडी असते, तिला प्लंजर म्हणतात. ती प्रत्येक ठोक्याला तेलाचा थेंब आत ढकलते. ती नसेल तर इंजिन म्हणजे लोखंडाचा गोळा. टाकीची तोटी बंद करून मी प्लंजर बाहेर काढला. गाळाने घासून त्यावर ओरखडेच ओरखडे, पार वाया गेला होता. नवा मिळणार तो सांगलीतच, आणि मापाला हा जुना न्यायला हवा. मी तो फडक्यात गुंडाळला आणि शिवरामच्या भावाच्या, मारुतीच्या हातात दिला. सायकलवर टांग मारून तो गेला. जाऊन-येऊन दोन तास तरी लागणार. धूळ जाऊ नये म्हणून मी तेलपंपाचं झाकण परत लावून टाकलं.

शेजारच्या दोन मोटा लगेच जुंपल्या. पण झरा त्यांना दाद देईना. पाणी मांडीला, कमरेला, मग छातीला आलं. पाण्याखाली पहार कुठे लागते तेच कुणाला दिसेना. शिळा हलायची आणि परत बसायची.

मी इंजिनाशेजारी हात लोंबकळवत उभा होतो. सकाळी तासभर थांबवलं असतं तर... डोक्यात एवढंच.

शिवरामची आई, तानूमावशी, माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"बाबालाल, हँडल मार."

"आवं मावशी, त्येचा प्लंजर सांगलीला गेलाय. कसं चालू हुईल?"

"ते मला कळत न्हाई. माझं लेकरू गळ्यापतूर पाण्यात हाय. तू हँडल मार."

नुसतं उभं राहण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं, म्हणून मी हँडल चढवलं. चाक फिरवलं – एकदा, दोनदा. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाने ठोका दिला.

मला वाटलं, भास. पण पाठोपाठ दुसरा, तिसरा... आणि भक् भक् भक् करत ते लागलं. पट्टा ताणला, पंपाने पाणी ओढलं, पाटात धो धो पडायला लागलं. लोक ओरडले, "लागलं रं लागलं!" मावशी तशीच मागे फिरली आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसली. मी मात्र तेलपंपाकडे बघत राहिलो. हात लावायचं धाडस झालं नाही. आवाज इतका एकसारखा, की सकाळपासून तसा आला नव्हता.

पाऊण तास चाललं. पाणी कमरेखाली आलं, पहारी नीट बसल्या, शिळा टीचभर उचलली गेली. शिवरामला दोराने वर घेतलं. त्याचा पाय काठाला लागला आणि इंजिन थांबलं. आचका नाही, खोकला नाही. कुणी हात धरून थांबवावं तसं.

मारुती त्यानंतर घामाघूम होऊन आला. एका हातात नवा प्लंजर, दुसऱ्या हातात फडक्यातला जुना. मी तेलपंपाचं झाकण काढलं. आत रिकामं भोक. टाकीची तोटी बंद, मी केली होती तशीच. मी त्यात बोट घालून पाहिलं.

मग खात्री करायला परत हँडल मारलं. दहा-बारा वेळा. काही नाही. नवा प्लंजर घातला, तोटी उघडली, पहिल्या हँडलला लागलं.

पुढे सांगलीत इंजिन शिकवणाऱ्या एका मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, कधीकधी इंजिन स्वतःचं वंगण ओढून चालतं. खरं आहे, मीही पाहिलंय. पण तेव्हा ते बेफाम पळतं, निळा धूर ओकतं. हे शांत चाललं होतं, आणि वंगण काडीभरही कमी झालं नव्हतं. मास्तर म्हणाले, "मग तुमच्या आठवणीत घोटाळा असेल." असेल म्हणायला माझी काही हरकत नाही. पण मारुतीने तो फडक्यातला प्लंजर सांगलीच्या दुकानात काउंटरवर ठेवला होता, त्याचं काय करायचं?

त्या संध्याकाळी मी शिवरामपुढे फिल्टरचं कबूल केलं. म्हटलं, "चूक माझी. तू गेला असतास तर माझ्यामुळं."

पायाला हळद बांधून तो पडला होता. म्हणाला, "न्हाई गेलो न्हवं? मग च्या पी."

तो अजून येतो दुकानावर, थोडा लंगडत. त्याचा नातू आता वीस वर्षांचा आहे. तो पोरगा समोर दिसला की मला कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटतं. कुणाच्या, ते कळत नाही.

गेल्या वर्षी मी शिवरामला पहिल्यांदाच विचारलं, "शिवा, इंजिन बंद पडलं तवा खाली काय वाटलं रं तुला?"

त्याने च्याची बशी खाली ठेवली. "बंद? बंद कवा पडलं?"

"आरं, चांगलं तासभर बंद हुतं."

"काय बोलतोस गड्या! पाणी चढत हुतं ते खरं. पर इंजिनाचा आवाज मला सारखा येत हुता. एक ठोका चुकला न्हाई. म्हणून तर धीर धरला – म्हणलं, मिस्त्री हाय वर."

मी त्याच्यासाठी आणखी एक च्या सांगितला.