मेडिकलवर आलेला हेर

मला हेरांच्या प्रेमकथा आवडतात असं सांगितलं की लोक लहान लेकराकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात. तिशीला आलेली बाई, हिंगोलीत डेपोजवळच्या मेडिकलवर फार्मासिस्ट, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागं बसून असली पुस्तकं वाचते! पण त्यांत असतं काय, हे कुणी विचारत नाही. त्यांत तो तिच्या मागावर असतो आणि ती त्याच्या. दोघं खोट्या नावांनी भेटतात, गोळीबार चुकवत एका खोलीत लपतात आणि तिथं पांघरुणावरून भांडतात. मला हसू आवरत नाही. शेवटी तो वरिष्ठांनी दिलेली सगळी माहिती बाजूला सारतो आणि तिलाच विचारतो, तू खरी आहेस तरी कशी? त्या एका प्रश्नासाठी मी अख्खं पुस्तक वाचते.

मागच्या हिवाळ्यात एक स्थळ आलं. मुलगा सिद्धेश्वरच्या धरणावर नोकरीला, घर कुरुंद्याचं. पाहुणे आले, जयभीम झाला, पोहे झाले, आणि आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. असल्या वेळी मुलं पगार विचारतात, नाही तर स्वयंपाक येतो का ते. यानं विचारलं, "दिवसभर काउंटरला उभं राहून तुमचे पाय दुखत असतील, न्हाई का?" हे मला घरातसुद्धा कधी कुणी विचारलं नव्हतं. जिना उतरेपर्यंत मी मनातून हो म्हणून टाकलं होतं.

मग सुरू झाली चौकशी. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येऊन तिची माहिती काढतं. सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि सगळे ठाऊक नसल्याचं सोंग करतात. माझ्या मेडिकलवर मुलाचे मामा आले. सफारी घातलेले, डोकेदुखीची गोळी मागणारे. गोळी घेतली, पैसे दिले, आणि तिथंच वजनकाट्यापाशी रेंगाळले. "तुमचं गाव कोणतं म्हणलात?" मी काहीच म्हटलं नव्हतं. इतका कच्चा हेर कुठल्याही पुस्तकात पहिल्याच पानावर पकडला गेला असता. नंतर ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. मी थोडा वेळ शहाण्यासारखी फडकं घेऊन कपाटं पुसली. तरी ते हलेनात. शेवटी कंटाळून पुस्तक उघडलं, आणि नेमकं हसायचंच पान निघालं.

थोड्या दिवसांनी नकार आला. मध्यस्थाचा निरोप बाबांनी जसाच्या तसा ऐकवला, "पोरगी एकटीच हसून राहिली व्हती म्हणे. डोक्यात काही असंल, न्हाई तर कुणासंगं चालू असंल." आईनं माझी पुस्तकं उचलून दिवाणात कोंबली. मी संतापले. इतक्या लांबून माणूस आला, चहावर चहा प्यायला, टपरीवाल्याला विचारलं, शेजारणीला विचारलं. दहा पावलं चालून मला विचारायला काय झालं होतं?

तरी मला आशा होती. गच्चीवर त्यानं नंबर घेतला होता, आणि एका सकाळी त्याचा फोन आलाच. दुकानात गर्दी होती. मी सगळ्यांना थांबवलं.

"मामांचा गैरसमज झाला असंल," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. "तुमी एक करा. दाढ दुखत व्हती म्हणून तोंड तसं दिसलं, असं त्यांना सांगा. पुढचं मी बराबर जमवतो."

"पण मी हसतच होते. काहून हसले, ते विचारा ना."

"ते राहू द्या आता. मामांचं समाधान झालं पाह्यजे."

"तुमाला न्हाई का जाणून घ्यायचं?"

तो हळूच म्हणाला, "एवढं सांगून टाका ना. काय तकलीफ हाय?"

काय तकलीफ होती हे त्याला कसं सांगणार? दाढेचं एक वाक्य बोलले असते तर आज मी कुरुंद्याची सून असते. आणि जन्मभर हसायच्या आधी मामा कुठं बसलेत ते बघत राहिले असते.

"मला काहीच दुखत नव्हतं," एवढं म्हणून मी फोन ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाईकाची चिठ्ठी हातात घेतली. अक्षर लागेना. मला तो फार आवडला होता.