भरदुपारचा पाट

भोंगामावशीकडे सिनेमाचं नाव सांगून गाणं मागितलं, की ती ऐकूनच घ्यायची नाही. गायकाचं नाव सांगितलं तरी नाही. "कोणाच्या घरचं, ते सांग," म्हणायची. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत एखाद्या नवरीने हट्ट धरून जे गाणं लावायला लावलं, ते त्या घरचं झालं, कायमचं. पडद्यावर ते कोण गायलं होतं याच्याशी तिला काही घेणं नव्हतं.

लग्नात रेकॉर्ड वाजवणं आणि मांडवाच्या बांबूला भोंगा बांधणं हा तिच्या नवऱ्याचा धंदा. तो गेल्यावर तिने चालवला. दोन लाकडी पेट्यांमध्ये तिच्या रेकॉर्डी असत, आणि प्रत्येक रेकॉर्डीला कापडाची पिशवी. नवरीच्या कपड्यांतून उरलेला तुकडा ती मागून आणायची आणि त्याचीच पिशवी शिवायची. हिरव्या बुट्ट्यांची पिशवी कोपऱ्यावरच्या मंदाची, जांभळी समोरच्या धाकट्या सुनेची. पेटीत हात घातला की हवं ते घर बरोबर हाती लागायचं. नवी गाणी ती रविवारच्या जुन्या बाजारात शोधायची, बदली झालेल्या साहेबांच्या विकायला काढलेल्या सामानात शोधायची. रेकॉर्ड उन्हात तिरपी धरायची, चरे बघायची आणि दुकानदाराला म्हणायची, "हिच्यावर मांजर नाचली का गा?"

तिच्याजवळ प्लेअर दोन होते. मधे एक बटण, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवून घेतलेलं. एकीकडे फिरवलं की एका गाण्याचा आवाज उतरायचा आणि दुसऱ्याचा चढायचा. भंगारातून आणलेल्या टेलिफोनचा काळा तुकडा कानाला लावून ती पुढची रेकॉर्ड आधी स्वतः ऐकायची, अंगठ्याने धरून ठेवायची आणि ठेका जुळला की सोडायची. दोन गाण्यांमध्ये फट पडलेली तिला खपत नसे. "गाणं तुटलं का मांडवात भांडण सुरू होते," म्हणायची. एका लग्नात वरबापाने अंगठीवरून तोंड सोडलं, तेव्हा तिने आवाज एवढा चढवला की त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. व्याह्यांना वाटलं आशीर्वादच देऊन राहिले. त्यांनी वाकून नमस्कार केला.

कॉलेजातला एक पोट्टा एकदा इंग्रजी रेकॉर्ड घेऊन आला. तिने नाही म्हटलं नाही. पंगत बसल्यावर लावली. "बेस आहे," तिने तारीफ केली, "हे लावलं का लोक जेवून लवकर उठतात."

आता पाटाबद्दल लिहिते. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांनी शरमायचं कारण नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी शरमावं. आमच्या जातीत विधवेचं दुसरं लग्न होऊ शकतं, आणि याचा आमच्या पुढाऱ्यांना केवढा अभिमान. पण त्याला लग्न म्हणायचं नाही, पाट म्हणायचं. तो अंधारात लावायचा. वाजंत्री नाही, मांडव नाही. सवाष्णींनी त्या बाईचं तोंडसुद्धा बघायचं नाही. चोरीचा माल घरात घ्यावा तशी बाई घरात घ्यायची.

भोंगामावशीचा स्वतःचा पाट असाच लागला होता. मी या चालीविरुद्धची पत्रकं वाटायला गेले असताना तिने ते मला सांगितलं, रेकॉर्ड पुसता पुसता. "साऱ्या नागपूरच्या लग्नात रेकॉर्डी वाजवणारा माणूस, अन् आमच्या पाटाले पेटी खाटेखाली झाकून ठेवली होती वं त्यानं. कंदीलही विझवला. कानात म्हणे, उद्या वाजवू. मरेपर्यंत उद्याच म्हणत होता."

मग सिंधूचं ठरलं. सिंधू आमच्या शेजारची, एकविसाव्या वर्षी विधवा झालेली. नवरामुलगा सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला. दोघांनी सांगितलं, पाट लावायचा तर भरदुपारी, नाहीतर आम्ही तसेच निघून जाऊ. तिचा बाप रडकुंडीला आला. मावशीने त्याला सांगितलं, "मांडव घाल. भोंगा माह्या."

दुसऱ्याच दिवशी आमच्या जातीचे मोठे पंच मावशीच्या दारात आले. मी तिथेच होते.

"पाटाले भोंगा लावून राहिली म्हणे?"

"हो भाऊ."

"आजवर कोणत्या पाटाले लागला?"

"आजवर कोणी लावलाच नाही, तर लागन कसा?"

"मंग आमच्या समाजातली लग्नं विसर."

"तुमची लग्नं माह्या पेटीत आहेत, भाऊ. मी कायले विसरू? तुम्ही विसरा."

पंचांनी घरोघर निरोप फिरवला. चैत्रातली ती दुपार, आणि साऱ्या गल्लीची दारं बंद. ज्या घरातून वीज घेतली होती त्यांनी वायर काढून घेतली. मावशीने भोंग्यासाठी ट्रकची बॅटरी आणून ठेवलीच होती; प्लेअर सेलवर चालत. मांडवात सिंधूचे आईबाप, मुलाकडची चार माणसं आणि मी. सिंधू मान खाली घालून बसली होती. तिच्या लग्नाला कुणी आलं नाही, हे तिला जन्मभर पुरणार होतं.

मावशीने हिरव्या बुट्ट्यांची पिशवी काढली. कोपऱ्यावरच्या मंदाचं गाणं गल्लीत घुमलं. मंदाचं दार किलकिलं झालं. गाणं संपायच्या आत जांभळी पिशवी निघाली; पहिला आवाज उतरला तसा दुसरा चढला. समोरची धाकटी सून ओट्यावर आली. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. दार पुन्हा लावून घ्यायला मावशीने फटच ठेवली नाही. डोक्यावर पदर घेऊन बाया ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यांचे आवाज आतून येत होते, पण भोंगा मोठा होता.

पंचांच्या थोरल्याच्या लग्नातलं गाणं लागलं, तेव्हा पंचकाकू पायऱ्या उतरून सरळ मांडवात आल्या. पाच लेकरांची आई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी सिंधूची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बघितलं. नीट, सावकाश बघितलं.

पंच दारात येऊन ओरडले, "घरात ये वं."

काकू वळल्याही नाहीत. "येतो ना. गाणं तं संपू द्या."

ते गाणं मावशीने संपूच दिलं नाही. त्याच्या दोन रेकॉर्डी तिच्याकडे होत्या. पोराच्या लग्नात आपलं गाणं मधेच तुटू नये म्हणून दुसरी खुद्द पंचांनीच आणून दिली होती. एक संपत आली की ती दुसरी सुरुवातीपासून सोडायची, आणि पुन्हा पहिली. तेवढ्यात मंदा आली, धाकटी सून आली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, हार पडले. पंच दारात उभे, आणि त्यांचंच गाणं संपेना.

याची किंमत मावशीने चुकवली. पुढे समाजातलं एकही लग्न तिला मिळालं नाही. इतवारीतून दुसरा भोंगेवाला येऊ लागला. मग निरोप आला: देवळात नारळ फोड, माफी माग, सोडून देऊ. मी तर चवताळले. ती शांतपणे म्हणाली, "मागते ना. पण भोंग्यातून मागते. कायची माफी, अन् कोणाकोणाच्या घरच्या पाटात कंदील विझवला, हे बी सांगते. साऱ्या महालाले ऐकू जाईन." माफीची गरज नाही, असा उलट निरोप त्याच संध्याकाळी आला. लग्नं मात्र आली नाहीत.

सिंधूने तिला सावनेरला बोलावून घेतलं. पेट्या सायकलरिक्षात चढवताना मी म्हटलं, "मावशी, यांच्यावर मी पत्रक काढते."

"काढ. पण मोठ्यानं वाचून दाखव. इथले लोक कागद घडी करून खिशात घालतात."

मागच्या वर्षी ती तिकडेच वारली. आता समाजाच्या मेळाव्यात तेच पंच शाल पांघरून सांगतात, की आमच्याकडे विधवांची लग्नं दिवसाढवळ्या वाजतगाजत होतात, ही आमच्या समाजाची थोर परंपरा. टाळ्या पडतात. यंदा मी सभेत उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, हे खोटं आहे. मला खाली बसवण्यात आलं, म्हणून इथे लिहिते. परंपरा तुमची ती अंधाराची. हे एका बाईने सुरू केलं, आणि तुम्ही तिचं काम तोडलंत. त्या दुपारी मांडवात तुमच्यापैकी कोणी नव्हतं. मी होते.