स्टेशनची विहीर

"हात खाली घे. अजून खाली."

स्टेशनचा पाणीवाला झारी उंच धरून म्हणाला. आजी फलाटावर उकिडवी बसली होती. ओंजळ पसरून. आमच्या ओंजळीत पाणी वरूनच पडायचं.

तेवढ्यात पाटलाचं वऱ्हाड आलं. त्यातला एक टेरिलीनच्या शर्टातला तरणा पोरगा म्हणाला, "आधी आमच्या लोकायले पाज बे. थे बसली राहीन."

पाणीवाला वळला. वऱ्हाडी प्याले. तोंडं धुतली, चुळा भरल्या. आजी तशीच, ओंजळ पसरून. शेवटी तळाशी उरलं होतं ते पाणीवाल्याने तिच्या पायावर ओतलं. "घे बुढे, पाय धू."

सगळे हसले. आजीने पायावरची ओली बोटं ओठांना लावली.

ते मी पाहिलं.

मी सातवी पास होते. आम्ही बौद्ध झालो होतो. महाराष्ट्र झाला होता. स्टेशनला यातलं काहीच कळलं नव्हतं. मी फलाटामागच्या विहिरीवर गेले आणि बादली सोडली. पाणी वर आलं. आजीला हाक मारणार, तोच कानशिलात बसली. टेरिलीनवालाच. बादली गडगडत गेली. स्टेशनमास्तर धावत आले. परगावचे, शुद्ध बोलणारे.

"तुमच्यासाठी पाणीवाला ठेवलाय ना? मग विहिरीला हात कशाला लावलास?"

माझ्यादेखत त्यांनी दोर जाळायला लावला. पलीकडे इंजिन त्याच विहिरीचं पाणी भरून घेत होतं.

मामाच्या गावाच्या गाडीत बसल्यावर आजी बोलली.

"तुह्या आज्यानं खंदली ते विहीर. सुरुंग उडाला अन् थो आतच राह्यला. वर काढला तं चेहरा नव्हता, पोरी. मंग पाणी लागलं. रेल्वेच्या साहेबानं नारळ फोडला, पयला पेला पाटलाले देल्ला. आमाले हाकललं."

"तू मले हे काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं? तहान तं लागतेच ना माय."

शाळेत गुरुजींनी आम्हाला स्टेशनचा इतिहास शिकवला होता. कापसासाठी स्टेशन झालं. जागा पाटलांच्या आजोबांनी दिली. विहीर साहेबाने बांधली. मी तो घडाघडा म्हणून दाखवला होता. शाबासकी मिळवली होती.

मामाच्या गावाहून परतलो तर बाबा दारात बसलेले. ते त्याच लाईनीवर गँगमन. स्टेशनमास्तरांनी निरोप दिला होता, पोरीने सगळ्यांसमोर पाया पडून माफी मागावी, नाहीतर बाबांची बदली.

"माग बाई," बाबा म्हणाले. "दोन शब्द तं म्हणाचे."

"बाबा, त्या विहिरीत तुमचा बाप मेला."

"मले माहीत हाय."

त्यांना माहीत होतं. अख्ख्या वस्तीला माहीत होतं. इतिहास तेवढा मला शिकवला होता.

सकाळी मी स्टेशनवर गेले. घरचा दोर, घरची बादली. पॅसेंजर यायची होती, फलाटावर माणसं होती. मास्तर खुर्चीत बसून वाट पाहत होते.

मी म्हणाले, "माफी मागायला आले नाही. ही विहीर माझ्या आजोबांनी खोदली. आतच मेले. मी पाणी काढायला आले."

"पुरावा आहे?" मास्तरांनी विचारलं.

मी विहिरीकडे बोट केलं आणि चालू लागले. बादली सोडली, वर ओढली. बादली हिंदकळली, निम्मं पाणी सांडलं. उरलेलं मी काठावर उभी राहून प्याले. कोणी हात लावला नाही. कोणी शाबासही म्हटलं नाही.

महिन्याच्या आत बाबांची बदली झाली. घर दोन जागी फुटलं, बाबा तिकडे, आम्ही इथे. गावातल्या मोठ्या घरांनी त्या विहिरीचं पाणी सोडलं. इंजिनाने सोडलं नाही. त्याला विटाळ झाला नाही.

जाताना बाबा माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही नीट बोलत नाहीत. मी समजून घेते, पण माफी मागत नाही. मी रोज तिथेच पाणी भरते. आता वस्तीतल्या बायकाही येतात. मास्तर बदलले, नवे आले, त्यांनीही अडवून पाहिलं. त्यांना मी एकच सांगितलं. मला या विहिरीवरून हटवायचं असेल, तर आत ढकला. चालत मी परत जाणार नाही.