गो. गाय मारणारे सिद्रामअप्पा

सिद्रामअप्पा तळ्यात विष कालवतात, हे गावभर मी पसरवलं होतं.

आज सकाळी अप्पा गेले.

आईचा फोन आला तेव्हा मी शहरात, सात रस्त्याला ऑफिसच्या जिन्यात होते. पहिला विचार काय आला सांगू? कशानं गेले? जवळ कोण होतं? कोणी काही दिलं तर नाही ना?

हार्ट अटॅक होता. बाकी काही नाही.
संशय हा माझा जुना आजार आहे.

अप्पा आमच्या वस्तीवरचे शेजारी, कुंभारीच्या अलीकडे. जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते, तिथूनच रिटायर झाले. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. एकटे राहायचे.
रोज सकाळी चाळणी घेऊन तळ्याच्या काठाकाठानं वाकून फिरायचे.

"काय शोधताय अप्पा?"
"रोग हाय हितं. जनावरांचा."

रोग काय चाळणीत सापडतो? मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

मग एका रविवारी पिठाच्या गिरणीच्या दारावर चिठ्ठी दिसली. औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. अक्षर अप्पांचं.
दवाखान्याच्या रजिस्टरमुळं त्यांना सगळं तोडून लिहायची सवय. म्है. म्हणजे म्हैस. शे. म्हणजे शेळी.

चिठ्ठीत होतं, "सोमवारी तळ्यात मोरचूद टाकून गो. गाय मारणार. जनावरे पाण्यावर सोडू नयेत."

मी तीनदा वाचलं.
सोमवारी. गाय. मारणार.

सोमवारी कॉलेज बुडवून मी बाभळीमागं उभी राहिले. अप्पा गुडघाभर पाण्यात. हातात दोरी, दोरीला फडक्याचं गाठोडं, ते काठाकाठानं ओढत होते. मागं मोरचुदाचं निळं पाणी पसरत होतं.

फोटो काढला. गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "तळ्यात विष. चिठ्ठी पण वाचा."

दहा मिनिटांत सात-आठ जण काठावर. गाठोडं हिसकावलं, चाळणी पायाखाली मोडली.

"अप्पा, विष टाकताय व्हय?"
"विषच हाय की! म्हणून तर चिठ्ठी लावली."
"आन गाय मारणार लिवलंय ते?"
अप्पा कपाळावर हात मारून ओरडले, "गोगलगाय ओ! गो, टिंब, गाय! गोगलगाय!"

सगळे पोट धरून हसले. पण गाठोडं कोणी परत दिलं नाही. तळ्यात परत उतरायचं नाही, असं बजावून गेले.

मी हसले नाही. गोगलगाईसाठी एवढी उठाठेव कोण करतं? हा माणूस काहीतरी लपवतोय, अशी माझी खात्रीच झाली.

आता खरी लाज वाटायची गोष्ट.
मी तेव्हा बी.एस्सी. झूऑलॉजीला होते. लिव्हर फ्लूकची, म्हणजे जनावरांच्या यकृतातल्या चपट्या किड्याची, लाइफ सायकल माझ्या जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलींनी काढलेली होती. मॅडमनी ती अख्ख्या वर्गाला दाखवली होती. त्या चित्रात मधोमध "स्नेल" होता.
स्नेल मला पाठ होता. तळ्यातली गोगलगाय मला ओळखता आली नाही.

काही महिन्यांनी आमची म्हैस चंद्री खंगायला लागली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज. आईचा सगळा जीव चंद्रीत, आणि माझं कॉलेज चंद्रीच्या दुधावर.

अप्पा न बोलावता आले. डॉक्टरांकडून औषधाची बाटली आणली होती. आई शेतात होती, म्हणून माझ्या हातात दिली.
"आजच पाज पोरी. समदं. आन तळ्याकाठचं गवत लई वाईट, ते घालू नगं."

ते वळले आणि मी बाटली मोरीत ओतली.
आईला सांगितलं, पाजलं.

चंद्री आठ दिवसांत गेली.

डॉक्टरांनी पोट उघडलं. अप्पा मदतीला होते. लिव्हरमधून काढलेलं काहीतरी त्यांनी तळहातावर धरलं, चिंचेच्या पाल्याहून थोडं मोठं, चपटं.
"हे गोगलगाईतनं भाईर पडतंय. काठच्या गवताला चिकटतंय. म्हस गवत खाती, हे तिचं काळीज खातंय."

माझं जर्नल. त्यांच्या तळहातावर.

मग हळू विचारलं, "औषध किती पाजलंस?"
"समदं."

त्यांनी मोरीकडं पाहिलं. कडेच्या कोरड्या दगडावर औषधाचा पांढरा ओघळ वाळून बसला होता. मला तो दिसलाच नव्हता.
आई रडत तिकडंच येत होती.
अप्पांनी हात धुवायचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी त्या दगडावर ओतलं. पायानं घासलं. हात तसेच रक्ताचे राहिले.

आईला सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतर कधीच नाही.

पुढं मोरचूद सोडून त्यांनी बार्शीच्या बाजारातून बदकं आणली. बदकं गोगलगाई खातात. तेव्हाही मी आईला म्हटलं होतं, बघ, वाढवून विकणार.
एकही विकलं नाही. "बा, बा" म्हटलं की ओळीनं यायची. कानडीच कळायची त्यांना. आता तळ्याकाठी चरून कुणाच्या म्हशीचा गळा सुजत नाही.

आई, तू हे वाचशील. औषध मी पाजलं नव्हतं. घरी आले की जे बोलायचंय ते बोल.

आणि फोटो मीच टाकला होता, हे अप्पांना माहीत होतं का? असणार, असा माझा संशय आहे.

दुपारपासून मोबाइल धुंडाळतेय. या पोस्टला लावायला अप्पांचा एक फोटो हवा होता. त्यांचा भाचा म्हणाला, आमच्याकडंही नाही.
सगळीकडं मिळून एकच आहे.

खाली लावलाय. गुडघाभर पाण्यात वाकलेला म्हातारा, हातात दोरी, मागं निळं पाणी.
या वेळी नीट बघा.

अप्पा, माझी श्रद्धांजली तुम्ही घ्यावी असं मी काही केलेलं नाही. तरी वाहते.