बाबांच्या पाईपवरचा मिशीवाला

मंडळी, सकाळी ज्या कोरीव पाईपचा फोटो टाकून "बनवणारा कोण?" असं विचारलं होतं, त्याचा बनवणारा सापडला!

बाबांचा ओढायचा लाकडी पाईप. त्यावर मिशीवाल्या माणसाचा चेहरा. तुम्ही कुणी फ्रान्सचा म्हणालात, कुणी इंग्लंडचा. मी भिंग घेऊन कंपनीचा शिक्का शोधत बसले होते, तर आई हसायला लागली.

"शिक्का काहून शोधून राहिली वं? तुह्या बाबानंच कोरला. मले कोरून राहिले होते. नाक लय मोठं झालं, म्हून मिशी लावून माणूस केला."

तिनं अंगठ्यानं मिशी झाकली. खरंच, आईच!

बाबा रोज संध्याकाळी प्रताप नगरच्या घराच्या गॅलरीत हा चेहरा हातात धरून बसायचे. आम्ही त्याला तंबाखूचं व्यसन म्हणायचो. आता काय म्हणू, सांगा?