आपली न्हवं

एप्रिल १९८७ मध्ये आमची कंपनी अरुणाचलच्या पश्चिम टोकाला वर चढली. मी कंपनीचा सिग्नल हवालदार होतो. नोकरीची पंधरा वर्षे पूर्ण होत आली होती आणि हे माझे शेवटचे पोस्टिंग होते. उंची चौदा हजार फूट. समोर एक नाला आणि नाल्यापलीकडे चिनी चौकी. त्यांच्या स्वयंपाकाचा धूर आम्हाला दिसे.

हे लिहिण्याचे कारण सांगतो. नोकरी संपल्यावर मी कॉलेजात नाव घातले. तिथे राज्यशास्त्राच्या तासाला सर चीनचे परराष्ट्र धोरण शिकवत होते. वर्गात मी तेहतीस वर्षांचा, बाकीचे अठरा-एकोणीसचे. सर म्हणाले, "हवालदार, तुम्ही तर तिथे होतात. दोन शब्द सांगा." मी उभा राहिलो. मागच्या बाकावरून कुणीतरी "सावधान!" म्हणाले, सगळे हसले, मीही हसलो आणि खाली बसलो. पुस्तकात त्या धोरणाचे टप्पे दिले आहेत. मला टप्पे सांगता येत नाहीत, एका दुपारची गोष्ट सांगता येते. आमच्या घरात आजवर सगळ्यांनी लवळ्याच्या डोंगरावर मेंढ्या राखल्या. लिहिणारा मीच पहिला. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आम्ही वर गेलो तेव्हा वातावरण तापलेले होते. आदल्या उन्हाळ्यात चिनी सैनिकांनी एका कुरणात येऊन झोपड्या बांधल्या होत्या. फेब्रुवारीत अरुणाचलला राज्याचा दर्जा मिळाला आणि पेकिंगने निषेध केला. जानेवारीत त्यांच्या पक्षाच्या सरचिटणीसांना पायउतार व्हावे लागले होते. पहिल्याच रोलकॉलला कंपनी कमांडर मेजर साहेबांनी हे सगळे आम्हाला समजावून सांगितले. ते पंजाबचे. ते हिंदीत जे बोलले त्याचा अर्थ असा : पेकिंगमध्ये कोण कोणाचे ऐकतो ते आज बाहेर कळत नाही. त्यामुळे समोरचा जवान उद्या काय करील तेही सांगता येत नाही. पहिली गोळी आपली नसेल. पण डोळा लागता कामा नये.

दिनक्रम ठरलेला होता. ०४:३० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे आपापल्या मोर्चात. ०६:०० ला रेडिओ चेक. त्याच वेळी पलीकडे त्यांची पीटी चाले. नंतर पाणी, रॅशन, बंकरचे काम. मुख्य चौकीच्या चारशे मीटर पुढे एक ओपी होता, म्हणजे टेहळणीचा मोर्चा. तिथे नाईक अब्बास मुलाणी आणि दोन जवान असत.

अब्बास पौडचा. त्याच्या वडिलांचे बाजारात दोरखंडाचे दुकान आहे. दावी, कासरे, मेंढ्यांच्या गळ्यातली घुंगरे तिथे मिळतात. आमच्या मेंढ्यांची घुंगरे त्यांच्याच दुकानातली. पलटणीत आमची ओळख झाली तेव्हा तो म्हणाला होता, "तुजा आज्जा लई घासाघीस करायचा. आमच्या अब्बाला अजून आठवतंय."

आमचे वायरलेसवरचे बोलणे चिनी ऐकत. त्यांच्याकडे हिंदी जाणणारी माणसे होती. म्हणून मेजर साहेबांनी ठरवले की ओपी आणि चौकी यांच्यात मराठीत बोलायचे. त्यांना स्वतःला मराठी येत नव्हते, मी अर्थ सांगायचा. अब्बास म्हणाला, "पुण्याचं मराठी त्यांच्या डिक्शनरीत असंल बी. आपलं न्हाई घावायचं." सगळ्यांना ते पटले. मलाही पटले.

आमच्या मावळात एक शब्द आहे, न्हवं. "जेवलास न्हवं?" म्हणजे जेवलास ना? आणि "ह्यो माजा न्हवं" म्हणजे हा माझा नव्हे. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. गावात बोलणाऱ्याचे तोंड समोर असते, सूर कानावर येतो, त्यामुळे कधी गोंधळ होत नाही. अब्बासच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्याला हा शब्द असे.

मे महिन्यातला दिवस. ०७:०० ला सेकंड लेफ्टनंट साहेबांची पेट्रोल पार्टी, म्हणजे गस्तीची तुकडी, बाहेर पडली. साहेब धरून सहा जण. पूर्वेच्या वाटेने १३:०० पर्यंत परत यायचे होते. १२:१५ ला धुके उतरले. १३:०० वाजले, पार्टी आली नाही. त्यांचा वायरलेस सेटही बोलेना.

१३:४० ला ओपीवरून अब्बासचा आवाज आला.

"पार्टी येतीया. सात जण. नाल्याकडनं. ओव्हर."

"आपली का? ओव्हर."

खरखर झाली. मग ऐकू आले, "आपली न्हवं. ओव्हर."

मी पुन्हा विचारले. उत्तर नाही. सेट मुका झाला होता.

गेले होते सहा, येत होते सात. जायची वाट पूर्वेची, येणारे नाल्याकडून, म्हणजे चिन्यांच्या बाजूने. मी मेजर साहेबांकडे वळलो.

"सर, सात आदमी. अपने नहीं हैं."

"पक्का?"

"यस सर."

ते "यस सर" मला आजही ऐकू येते.

स्टँड-टू झाला. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, माणूस बसला. साहेबांनी फोनवरून बटालियनला कळवले. आदेश आला : नाल्याच्या अलीकडे दगडांची रास आहे, ती ओलांडली तर आधी हुकूम देऊन थांबवा. थांबले नाहीत तर फायर. धुक्यात आवाज कुठल्या कुठे जातो. ते न थांबण्याचीच शक्यता जास्त होती, हे सगळ्यांना कळत होते. त्या सीमेवर बऱ्याच वर्षांत गोळी चाललेली नव्हती. आता चालली तर ती दोन चौक्यांपुरती राहणार नव्हती.

मी सेटपाशी बसून अब्बासला हाक देत होतो. हाक देता देता त्याचे वाक्य मनात घोळवत होतो. एक गोष्ट टोचू लागली. परकी माणसे एवढ्या जवळ असती तर तो कुजबुजला असता. तो तर मोठ्याने बोलला होता, पौडच्या बाजारात बोलतो तसा. आणि ती चिनी असती तर तो सरळ "चिनी हायेत" म्हणाला असता. "आपली नव्हेत" असे आडवळणाने कशाला सांगेल? तो मला सांगत होता की विचारत होता?

मी उठलो. पंधरा वर्षांच्या नोकरीत अधिकाऱ्यासमोर असे बोलण्याची वेळ आली नव्हती.

"सर, गलती हो सकती है."

"किसकी?"

"मेरी, सर."

मी त्या शब्दाबद्दल सांगितले. साहेबांनी विचारले,

"एक ही लफ्ज़? हाँ भी, ना भी?"

"यस सर. हमारे गाँव में."

"तो तुम्हारे गाँव में शादियाँ कैसे तय होती हैं?" ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. लगेच मोर्चाकडे वळून आवाज दिला, "मेरे हुक्म के बिना कोई फायर नहीं करेगा." मग मला म्हणाले, "आगे जा. पूछ के आ."

ओपीपर्यंतचे चारशे मीटर मी धावत गेलो. त्या उंचीवर धावू नये असे आम्हीच नव्या जवानांना सांगतो. पोहोचलो तेव्हा तोंडातून शब्द निघेना.

अब्बास म्हणाला, "आरं, तू कशाला पळत आलास? बॅटरी बसली हिची."

"आपली हायेत का न्हाईत?"

"त्येच तर तुला इचारत हुतो! मोजलं तर सात भरत्यात. म्हणलं, आपली न्हवं? तू सांगशील म्हणून वाट बगतोय."

धुक्यात आकृत्या हलत होत्या. रास त्यांच्यापासून पन्नास पावलांवर असेल. मी छातीवर हात दाबला आणि ओरडलो, "कोण हाय?"

मग आवाज आला, "आमी हाय! आन एक पाव्हणा हाय!"

आपल्या "न्हवं"ने मागे काय घडले होते हे अब्बासला तोवर माहीत नव्हते. मी सांगितले तेव्हा त्याने मला आधी एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही, आणि मग स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले.

पाहुणा म्हणजे विशीतला एक चिनी जवान. धुक्यात वाट चुकून नाल्यात पडला होता, घोटा सुजला होता. आमच्या पार्टीला तो दगडाला टेकून बसलेला दिसला. रायफल त्याने बाजूला ठेवली होती. तिथेच सोडला असता तर थंडीने संपला असता. दोघांच्या खांद्यावर हात देऊन त्याला आणायचे म्हणून लेफ्टनंट साहेबांनी नाल्याची सोपी वाट धरली होती.

त्याला चहा दिला. पायाला पट्टी बांधली. आमच्या मोनपा पोर्टरला, म्हणजे तिथल्या डोंगरी जमातीतल्या हमालाला, हिंदी आणि तिबेटी येत होती, त्या जवानालाही मोडकीतोडकी येत होती. संध्याकाळी अब्बास मला म्हणाला, "इचार रं त्याला, तुमच्यात आता मोठा कोण हाय?"

मी ते पोर्टरला हिंदीत सांगितले, त्याने विचारले. जवानाने कप हातात फिरवला. मग जे सांगितले ते पोर्टरने आमच्यापर्यंत पोहोचवले. त्याच्या गावात पूर्वी सगळी शेती गटाने करायची असे. आता घरटी जमिनीचे तुकडे वाटून दिले आहेत. सरकारचा वाटा दिला की बाकीचे घरच्यांचे. वडिलांनी दोन डुकरे पाळली आहेत. म्हातारा आता पहाटे कुणी न उठवता उठतो.

"आन मोठा कोण?" अब्बासने पुन्हा विचारले. पोर्टरनेही पुन्हा विचारले. जवान नुसता हसला.

"हुशार हाय," अब्बास म्हणाला. "नाव घेतलं न्हाई."

यंदा पुस्तकात १९७८ नंतरच्या चिनी आर्थिक सुधारणांचा धडा आला तेव्हा मला ती दोन डुकरे आठवली. देश बाहेर भांडण नको म्हणतो, त्याला घरात काहीतरी कारण असते, असे सरांनी त्या तासाला सांगितले. मला ते लगेच समजले. वर्गात एवढी एकच गोष्ट मला लगेच समजली असेल.

तिसऱ्या दिवशी वरून परवानगी आली. ११:०० वाजता दगडांच्या राशीपाशी पांढरे कापड धरून आम्ही त्याला परत दिले. त्यांच्या अधिकाऱ्याने त्याचा पाय पाहिला, रायफल पाहिली आणि मेजर साहेबांना सॅल्यूट केला. साहेबांनीही केला. कुणी काही बोलले नाही.

जूनमध्ये आपले परराष्ट्रमंत्री पेकिंगला थांबून आले. ऑगस्टमध्ये दोन्ही सैन्यांची फ्लॅग मीटिंग, म्हणजे सीमेवरची बोलणी, झाली. बातम्या रेडिओवर उशिरा कळत. आम्हाला त्याआधी समोर दिसे. पलीकडच्या तोफांवर ताडपत्र्या चढल्या आणि मोर्चातली माणसे कमी झाली.

त्या दुपारनंतर मेजर साहेबांनी ओपीपर्यंत फोनची तार टाकून घेतली. वायरलेसच्या खरखरीवर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही, असा हुकूम होता. तार मी आणि अब्बासने मिळून टाकली. ऑक्टोबरअखेर माझा डिस्चार्ज झाला. नोव्हेंबरमध्ये बर्फाने ती तार तुटली. ती जोडून परत येताना अब्बासवर बर्फाचा कडा कोसळला. चार दिवसांनी तो सापडला.

मागच्या डिसेंबरात आपले पंतप्रधान पेकिंगला गेले. तिथल्या म्हाताऱ्या नेत्याने त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला, असे वर्तमानपत्रात आले. ते वर्तमानपत्र घेऊन मी पौडला अब्बासच्या वडिलांकडे गेलो. पूर्वीही जात होतो, पण एक गोष्ट त्यांना सांगितली नव्हती.

त्यांनी फोटो पाहिला. म्हणाले, "आता समदं मिटतंय, बरं हाय. पर लोक मला इचारत्यात, लढाई तर झालीच न्हाई, मंग तुमचा अब्बास कशात गेला? मी काय सांगू?"

मी त्यांना ती दुपार सांगितली. माझी चूक सांगितली. ती तार माझ्या चुकीमुळे टाकावी लागली, हेही सांगितले. बोलताना मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

ते हातातला कासरा वळत राहिले. मग विचारले, "तार नसती तर?"

"मग कधीतरी पुन्हा तसंच झालं असतं, चाचा. त्या वक्ताला कुणी थांबवलं असतं का, सांगता येत न्हाई."

"म्हंजी एकमेकांचं नीट ऐकू यावं म्हणून गेला."

"व्हय."

"मंग तसंच सांगतो लोकास्नी," ते म्हणाले, आणि आत चहा टाकायला सांगितला.

माझ्या जागी आलेल्या सिग्नलरने मला पत्रातून अब्बास गेला त्या दिवसाच्या लॉगमधली, म्हणजे सिग्नलच्या वहीतली, नोंद कळवली होती. ती मी चाचांना वाचून दाखवली, आणि इथेही तशीच देतो. १५:०५. ओपी लाईन ओके. आवाज स्वच्छ. रिपोर्ट देणार, नाईक मुलाणी.