नऊ सेंटिमीटरचा ठोकळा

सुमिए काजितानीला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. जपानच्या मियागी प्रांतातल्या एका वाहन तपासणी केंद्राच्या फाटकासमोर पत्र्याच्या शेडमध्ये तिचं दुकान. दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यायची वेळ आली, की लोक आधी तिच्याकडे येत. दिव्यांची दिशा, ब्रेक आणि गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, एवढं ती बघून देई. एकसष्टाव्या वर्षीही ती गाडीखाली सरपटत शिरे आणि बाहेर येताना कुणाला तरी झापतच बाहेर येई.

नव्या गाड्यांचं तिला काही वाटत नसे. तिची खरी गिऱ्हाइकं म्हणजे जुन्या गाड्यांचे शौकीन. ही जमातच अजब. आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवायची, दोन वर्षं मिरवायची आणि तपासणीच्या दिवशी सगळे देव आठवायचे. मूळच्यापेक्षा चार सेंटिमीटरपर्यंत उंची घटली तर कायदा काही म्हणत नाही. पण गाडीचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून नऊ सेंटिमीटर वर हवाच हवा. करवतीने कापलेल्या स्प्रिंगा घेऊन कुणी आला, तर सुमिए त्याला दारातूनच वाटेला लावी.

नऊ सेंटिमीटर मोजायला तिच्याकडे वडिलांनी केलेला लाकडी ठोकळा होता. दोरी बांधून तो गाडीखालून ओढायचा. घासत का होईना, आरपार गेला तर गाडी पास. त्रेचाळीस वर्षं हेच चाललं होतं, आणि ‘काजितानींचा ठोकळा गेला’ म्हटलं की माणसं निर्धास्तपणे रांगेत लागत.

ऑक्टोबरअखेरच्या त्या दुपारी मात्र ओनोदेरा परत आला तो फणफणतच. ओनोदेरा म्हणजे निवृत्त पोस्टमन, वय अठ्ठ्याहत्तर, गाडी हिरवी, पन्नास वर्षांची. सुमिएला तो ती वेणी घालत होती तेव्हापासून ओळखत होता.

“नापास!” त्याने दार आपटलं. “अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर म्हणे! तो नवा तपासनीस हिरोसे, त्याला चष्मा लावायला सांग.”

“अहो, अठ्ठ्याऐंशी कसे असतील? मघाशी ठोकळा गेला ना तुमच्यासमोर?”

“तेच सांगितलं मी त्याला! म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून हा ठोकळा चालतोय.”

एका दिवसात तीनदाच रांगेत जाता येतं. सुमिएने ठोकळा पुन्हा ओढला. तो घासत गेला. ओनोदेरा छाती काढून दुसऱ्यांदा गेला.

तिला चैन पडेना. कॅनमधली कॉफी उघडली, ती तशीच राहिली. गाडीची मुदत आज संपत होती, पण तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी. ओनोदेराच्या मुलाने योकोहामाहून बजावलं होतं, “बाबा, या वेळी पास झाली तर ठेवा. नाहीतर उद्या माणूस येऊन गाडी घेऊन जाईल.” आणि म्हाताऱ्याने शब्द दिला होता. बायको गेल्यापासून त्या गाडीखेरीज तो कुणाशी धड बोलत नव्हता.

रस्त्यापलीकडून त्याचा आवाज चढलेला ऐकू येत होता. “काजितानींना खोटं ठरवतोस? अरे, त्यांच्या बापाने...” रांगेतल्या गाड्या थांबल्या. माणसं माना काढून बघू लागली. आपल्या नावासाठी हा माणूस भर रांगेत भांडतोय याचं सुमिएला आधी बरं वाटलं, आणि मग शंका आली: ठोकळाच चुकत असला तर?

तिने खणातली पोलादी पट्टी काढली. ठोकळा तिने आजवर मोजला नव्हता. वडिलांचा ठोकळा कोण मोजतो?

सत्त्याऐंशी.

तिने पट्टी पुसून पुन्हा लावली. सत्त्याऐंशीच. खालची बाजू काँक्रीटवर आणि वरची गाड्यांच्या पोटावर घासून गुळगुळीत झाली होती. तीन मिलिमीटर कधी झिजले, कोण जाणे. हिरोसेचे डोळे शाबूत होते.

“दुसऱ्यांदा नापास,” ओनोदेरा आला. आता त्याचा आवाज बसला होता. “चारला बंद करतात. वीस मिनिटं आहेत. एक कर, तू ठोकळा घेऊन माझ्याबरोबर चल. त्याच्या नाकासमोर ओढून दाखव.”

गप्प बसता आलं असतं. ‘बघते काहीतरी’ म्हणून गाडीखाली शिरली असती, तर कुणाला कळलंही नसतं. सुमिएचा चेहरा तापला. वडिलांच्या मृत्यूच्या दिवशीही तिला असं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

“ओनोदेरा-सान, ठोकळा खोटा आहे.”

“काय?”

“झिजलाय. तीन मिलिमीटर. तो हिरोसे बरोबर आहे, चूक माझी आहे. तुमच्या दोन फेऱ्या मी वाया घालवल्या.”

ओनोदेराने ठोकळ्याच्या गुळगुळीत बाजूवर बोट फिरवलं. “मी त्याला आंधळा म्हटलं गं,” तो हळूच म्हणाला. “चारचौघांत.”

“नंतर माफी मागा. आधी गाडी जॅकवर घेऊ द्या.”

ती गाडीखाली उताणी शिरली. ठोकळ्याच्या भरवशावर जे तिने इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं, ते समोर लोंबत होतं. स्प्रिंगा ठणठणीत होत्या, आपल्या जागी घट्ट बसलेल्या. धुराचा नळा ज्या रबरी कड्यांना टांगलेला असतो, ती दोन्ही कडी ताणून चिरली होती, म्हणून नळा खाली आला होता. फळीवर नवी कडी होती. गरम नळ्याने बोटं भाजली. तिने शिवी हासडली आणि दोन्ही बदलली. या वेळी पट्टीने मोजलं. अठ्ठ्याण्णव.

“पळा!”

चारला तीन मिनिटं असताना हिरवी गाडी फाटकातून आत गेली. सुमिए रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ओनोदेरा खिडकीतून हिरोसेसमोर मान वाकवून काहीतरी बोलला. हिरोसेही वाकला. गाडीखालचे नट-बोल्ट तपासणाऱ्या हातोडीची ठकठक ऐकू आली, आणि थोड्या वेळाने काचेवर नवं स्टिकर लावून गाडी बाहेर आली.

ओनोदेराचे डोळे ओले होते. “आत कुणाला काही बोललो नाही हं मी,” तो म्हणाला. “ठोकळ्याचं आपल्या दोघांतच राहू दे. तुझ्या वडिलांचं नाव आहे.”

त्याच्या या चांगुलपणाचाच तिला जास्त त्रास झाला. अशा किती गाड्या ती पास म्हणून रांगेत धाडून बसली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळा दुकानाच्या दारावर टांगलेला होता, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. त्यावर पांढऱ्या रंगात ८७ असा आकडा होता. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने विचारलं, “हे काय, सुमिए-सान?”

सुमिएने हातातला पाना खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.